साखरपुड्याआधीचं ‘किचन फेशियल’: सांगलीतल्या एका पार्लरचा अनुभव

पार्लरचं नाव इथं लिहीत नाही. मालकीण कष्टाळू बाई आहे, तिच्या दुकानावर तीन मुलींची घरं चालतात, आणि माझ्या चेहऱ्याला जे झालं ते होण्यासारखं काम आज बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या नावांनी चालू आहे. म्हणून दुकान कुठलं हे बाजूला ठेवते. टेबलावर काय काय मांडलं होतं आणि त्यातल्या कशानं काय झालं, ते मात्र एकेक करून सांगते.

सांगलीत आमची पिठाची गिरणी आणि मसाला कांडप आहे. एकोणीस वर्षं मी त्या मशीनपाशी उभी आहे. डाळीचं पीठ, हळद, दालचिनी, मसूर, तांदूळ, सगळं रोज हातातून जातं. या जिनसांबद्दल मला आधीपासून जे ठाऊक होतं आणि कातडीच्या डॉक्टरांकडून जे नव्यानं कळलं, ते दोन्ही या लिहिण्यात येईल.

थोरल्या लेकीचा साखरपुडा ठरला होता. तिनं तीन महिन्यांपूर्वीपासूनच फेशियलचं बघायला सुरुवात केली होती. या पार्लरच्या दारावर फलक होता: ‘शंभर टक्के स्वयंपाकघरातलं, शून्य केमिकल’. दर साडेसातशे रुपये, वेळ सव्वा तास. लेकीला मी म्हटलं, आधी मी करून बघते, मला मानवलं तर तू कर. साखरपुड्याला तेव्हा अजून अठरा दिवस होते. ही एक गोष्ट मी केली ते फार बरं झालं.

आधी चांगलं ते सांगते, कारण चांगलं होतंच. जागा स्वच्छ. टॉवेल धुतलेले, घडी घातलेले, माझ्यासाठी नवीन काढलेला. खुर्ची आरामाची. मुली ‘काकू, पाणी देऊ का, पंखा लागतोय का’ असं विचारत होत्या. मान आणि खांद्याचं मालीश इतकं छान की पोती उचलून आखडलेली माझी मान दोन दिवस मोकळी होती. वेळेचं पक्कं. साडेअकराची वेळ दिली होती, साडेअकरालाच घेतलं.

आता टेबल. स्टीलच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या: कच्चं दूध, साखर, खायचा सोडा, अर्धं कापलेलं लिंबू, खोबरेल तेल, डाळीचं पीठ, हळद, मध, दालचिनीची पूड. बघून मला बरंच वाटलं होतं. सगळं ओळखीचं, घरातलं. मालकीण म्हणाली, ‘काकू, जे खाता येतं तेच चेहऱ्याला लावायचं, हा आमचा नियम.’ मलाही तेव्हा ते पटलं.

दुधाच्या बोळ्यानं चेहरा पुसला, तिथवर काही नाही. मग मुलीनं लिंबाची अर्धी फोड साखरेत बुडवली, वरून चिमूटभर सोडा टाकला. तो फसफसला, आणि ती फोड तिनं सालासकट माझ्या गालावर गोल गोल घासायला घेतली. साखरेचा दाणा जाडा होता, चहाला वापरतो तोच. चरचर आवाज कानापर्यंत येत होता. दोन मिनिटांत झोंबायला लागलं. मी तसं सांगितलं तर उत्तर आलं, ‘झोंबतंय म्हणजे काम करतंय.’ रस डाव्या गालावरून ओघळून हनुवटीखाली गळ्यापर्यंत गेला. ते मला आठवतंय, कारण गार लागलं होतं आणि पुसायला हात वर करावासा वाटला होता. पुढं वाफ, मग खोबरेलाचं मालीश, मग डाळीचं पीठ, हळद, मध आणि दालचिनीचा लेप, वीस मिनिटं. दालचिनी ऊब देते, रक्त खेळतं राहतं, असं सांगितलं. ऊब खरंच लागत होती.

निघताना मी नेहमीसारखा स्कार्फ बांधायला घेतला, तर मुलगी म्हणाली, ‘आज नका बांधू काकू, त्वचेला श्वास घेऊ द्या.’ एप्रिल महिना, दुपारचा एक वाजलेला. मी उघड्या चेहऱ्यानं स्कूटरवर विश्रामबागेतून गणपती पेठेत गेले, मालाचं दोन-तीन दुकानांत बघितलं आणि उन्हातूनच घरी आले.

संध्याकाळी चेहरा लाल आणि गरम. दुसऱ्या दिवशी खाज, सूज, डोळ्याखालची कातडी ताणलेली. तिसऱ्या दिवशी डाव्या गालावर पाण्याच्या बारीक पुळ्या, आणि त्यांच्या खालून गळ्यापर्यंत एक लालभडक रेघ. आरशासमोर उभी राहून बघितलं तर ती रेघ बरोबर रस ओघळला त्याच वाटेनं गेलेली. वर रुंद, खाली निमुळती, शेवटी थेंबाएवढा ठिपका. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती तपकिरी पडायला लागली. लेक माझ्याकडं बघून रडली, कारण तिची वेळ दुसऱ्याच दिवसाची ठरलेली होती. ती आम्ही रद्द केली.

डॉक्टर मॅडमनी रेघ बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘लिंबू लावून उन्हात गेला होतात का?’ मी काही बोलायच्या आत. आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं: फायटोफोटोडर्मटायटिस. लिंबाच्या रसात आणि सालीत त्याहून जास्त, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन पडलं, म्हणजे उन्हातले अतिनील ‘अ’ किरण पडले, की कातडी भाजल्यासारखी होते. यात ॲलर्जी असायला लागत नाही. कुणालाही होऊ शकतं. एक-दोन दिवसांत लाली आणि फोड येतात, आणि मग जो डाग पडतो तो आठवडे, कधी महिने राहतो. आपण रोज वापरतो ते कागदी लिंबू या बाबतीत पिवळ्या मोठ्या लिंबापेक्षा जास्त त्रासाचं. आणि मला तर फोड सालासकट घासली होती.

मी विचारलं, पण लिंबात जीवनसत्त्व ‘क’ असतं ना, ते तर महागड्या सीरममध्येही असतं. त्यांनी हिशोबच मांडला. १०० ग्रॅम लिंबाच्या रसात ‘क’ जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम. सीरममध्ये १० ते २० टक्के, म्हणजे तेवढ्याच १०० ग्रॅमला १० ते २० ग्रॅम. कमीत कमी दोनशे पटींचा फरक. लिंबाच्या रसात भरपूर असतं ते सायट्रिक आम्ल, ५-६ टक्के. रसाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट, २ च्या आसपास, कातडीचा ५ च्या आसपास. पीएचमध्ये एकेक आकडा दहापटीचा असतो, म्हणजे २ आणि ५ मध्ये हजारपट. आणि त्यावर सोडा, ज्याचा पीएच ८ च्या वर. मी मनात म्हटलं, एका बाजूनं आंबट ओतायचं, दुसऱ्या बाजूनं खारं, आणि मध्ये साखरेच्या दाण्यानं खरवडायचं. कातडीवर वरचा जो पातळ आंबटसर थर असतो, जो बाहेरचे जंतू थोपवतो आणि आतलं पाणी धरून ठेवतो, तोच यात निघून जातो.

आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीला डागाचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त, हेही त्यांनी सांगितलं. कातडीला कुठलीही इजा झाली, पुरळ असो, भाजणं असो की नुसतं जोरात घासणं, ती भरून निघताना रंग जास्त सोडते. म्हणजे डाग घालवायला म्हणून लिंबू घासायचं आणि त्या घासण्यानंच नवा डाग पडायचा. गोरं व्हायला म्हणून किती पोरी हे करत असतील, याचं मला फार वाईट वाटलं. आमच्या लहानपणी मीसुद्धा कोपरांवर लिंबाची सालं घासलीत, आजी सांगायची म्हणून. कोपराची कातडी जाड असते, आणि घासून आम्ही लगेच आंघोळीला जायचो. त्यामुळं कधी काही झालं नसेल.

पण लिंबानं फक्त रेघ समजली. लेप लावला होता तिथं सगळीकडं, कपाळावर, उजव्या गालावरही जी खाज आणि बारीक पुरळ होती, ती वेगळी होती. त्यासाठी लाली गेल्यावर तीन आठवड्यांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर चौकोनी चिकटपट्ट्या लावतात, प्रत्येक खळग्यात वेगळं द्रव्य. सोमवारी लावल्या, बुधवारी काढून बघितलं, शुक्रवारी पुन्हा. चार दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, गिरणीचं काम नाही. बुधवारी एका चौकोनात लाली, शुक्रवारी त्यावर बारीक पुळ्या. तो चौकोन सिनॅमलचा. दालचिनीला जो वास आणि तिखटपणा येतो तो या द्रव्यानं. अत्तरांच्या ॲलर्जीच्या तपासणीत ते मुद्दाम घातलेलं असतं, इतकं ते नेहमी सापडतं.

तेव्हा मला माझ्या हातांचं कोडं उलगडलं. आठ-दहा वर्षं उन्हाळ्यात, मसाल्याच्या हंगामात, माझ्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं आणि अंगठा भेगाळायचा, कातडी सोलायची, रात्री खाजायचा. मी ते मिरचीचं समजत होते. सासूबाईंनी तूप लावायला सांगितलं, मी लावत होते. मिरची सगळेच हाताळतात, पण दालचिनीचे तुकडे निवडून पाट्यात टाकण्याचं काम आमच्याकडं मीच करते, याच बोटांनी. आता हातमोजे घालते. तेव्हापासून बोटं फुटली नाहीत. चेहऱ्यावर लेप लागला नसता तर हे कळायला अजून किती वर्षं गेली असती कोण जाणे. पण म्हणून लेपाचे आभार मी मानणार नाही.

आता माझ्या धंद्यातलं. डाळीचं पीठ चेहऱ्याला लावतात, मीही लावलंय, आईनं लावलंय, बाळाच्या अंघोळीला लावलंय. तेलकट अंग धुवायला ते चांगलं, यात वाद नाही. पण ते गिरणीतून कसं येतं हे मला सांगितलंच पाहिजे. आमच्याकडं मिरची-मसाल्याचं मशीन वेगळं आहे, तरी ते एकाच खोलीत आहे. मे महिन्यात त्या खोलीत उभं राहिलं तर शिंका येतात, कारण मिरचीची धूळ हवेत असते आणि ती सगळीकडं बसते. ज्यांच्याकडं एकच मशीन आहे ते मधे मूठभर ज्वारी किंवा तांदूळ फिरवून मशीन साफ करतात. खाण्याच्या पिठाला तेवढं पुरतं, भाकरीत कणभर मिरची आली तर कुणाला कळत नाही. डोळ्याखालच्या कातडीला कळतं. दगडाच्या जात्याचं पीठ असेल तर दगड टाकवल्यावर, म्हणजे त्याला टाकीनं पुन्हा खाचा पाडल्यावर, पहिल्या पायलीत कच येते. आम्ही ती बाजूला काढतो, सगळेच काढतात असं नाही. आणि कितीही बारीक म्हटलं तरी डाळीच्या टरफलाचा कण गोल नसतो, त्याला कोपरे असतात. दोन बोटांत पीठ घेऊन चोळून बघा, लागतं.

लावायचं असेल तर माझं म्हणणं एवढंच: ते पातळ भिजवून अलगद पसरायचं, वाळून तडकायच्या आत भरपूर पाण्यानं धुवायचं, आणि घासून काढायचं नाही. लेप वाळला की कातडी ओढली जाते, ती ओढ म्हणजे कातडी घट्ट होतेय असं पार्लरमध्ये सांगतात. घट्ट काही होत नाही, फक्त पाणी उडून जातं.

हळदीबद्दल बोलताना मला जपून बोलावंसं वाटतं, कारण हळद आमच्या सांगलीची शान आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं साठवायचे. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली, पण म्हातारी माणसं अजून त्यांच्याबद्दल बोलतात. पार्लरमधल्या मालकिणीनंही मला हळदीवरूनच ऐकवलं: ‘अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं होतं काकू, आपण लढून रद्द केलं. मग हळद वाईट कशी असेल?’ ते खरं आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं त्याला आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. अभिमानाचीच गोष्ट. पण तो झगडा हे ज्ञान कुणाचं आणि किती जुनं, यावरचा होता. किराणा दुकानातली कुठलीही पिवळी पूड रोज चेहऱ्याला लावा, असं त्यातून कुणी सिद्ध केलेलं नाही.

आणि पिवळी पूड म्हणजे हळदच असते असं नाही, हे मी धंद्यातली म्हणून सांगते. हळकुंड शिजवून, वाळवून, घासून पॉलिश करतात. तिथं रंग चढवायला काही लोक जे घालतात ते भयंकर असतं. मेटॅनिल यलो हा कपड्यांचा रंग. लेड क्रोमेट म्हणजे शिशाचं संयुग. बांगलादेशातल्या हळदीत ते सापडल्याचं २०१९ साली अभ्यासातून पुढं आलं आणि तिथं त्यावर मोठी मोहीम झाली. घरी करण्यासारखी साधी तपासणी: काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर हळद वरून सोडा, ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर ती हळद जेवणातही नको. यानं सगळीच भेसळ पकडली जाते असं नाही, पण उघडी चोरी दिसते. आम्ही हळकुंडं गिऱ्हाइकासमोर निवडून, त्याच्यासमोर दळून देतो, ते यासाठीच.

शुद्ध हळदही सगळ्यांना मानवते असं नाही. काहींना तिच्यानं खाज सुटते, पुरळ येतं. लग्नाची हळद एक दिवसाची, नंतर आंघोळ. दिवाळीचं उटणंही वर्षातून चार दिवस, अंगाला, तेलावर. रोज रात्री चेहऱ्याला लावून झोपायची रीत मी तरी आपल्याकडं कधी पाहिली नाही. परंपरा म्हणून सांगायचं तर परंपरेतलं प्रमाणही सांगायला हवं.

खोबरेल तेल. हातापायांना, टाचांना, कोरड्या अंगाला उत्तम, आमच्या घरात बाराही महिने असतं. चेहऱ्यावर, त्यातही पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्यावर, ते छिद्रं बुजवतं. लेकीच्या कपाळावर केसांच्या कडेनं कायम बारीक पुटकुळ्या असायच्या. डॉक्टरांनी तिला फक्त केसांचं तेल कपाळाला लागू न देण्याचं आणि रात्रीऐवजी न्हाण्याआधी तासभर लावण्याचं सांगितलं. दीड महिन्यात कपाळ साफ. एकही मलम नाही.

मधाबद्दल मला चांगलंच बोलायचंय, पण एक फरक आहे. जखमांना जो मध दवाखान्यात वापरतात तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. आपल्या बरणीत लाडवाचा, चहाचा चमचा गेलेला असतो. बिनजखमेच्या कातडीवर बहुतेकांना काही होत नाही. पुटकुळी फोडून त्यावर लावू नये, आणि ज्यांना परागांची ॲलर्जी आहे त्यांनी लांबच राहावं.

दह्याचा पीएच साडेचारच्या आसपास, कातडीच्या जवळचा, त्यात सौम्य लॅक्टिक आम्ल. ताजं, आंबट न झालेलं असेल तर दहा मिनिटं ठेवून धुवायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाल्या, कातडी फुटलेली नसेल तर. कच्चं अंडं मात्र नको. त्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि लेप तोंडाजवळच असतो. टोमॅटो, बटाटा यांचं फार काही नाही, थोडं गार वाटतं, बस.

या सगळ्यात डॉक्टरांनी मनापासून बरं म्हटलं ते ओट्सला. बारीक दळलेलं ओट्स कातडीची खाज आणि कोरडेपणा कमी करतं, आणि अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, २००३ मध्ये त्याला त्वचारक्षक म्हणून मान्यताही दिली. मी साधे ओट्स आमच्याच छोट्या घरघंटीवर, आधी घंटी पूर्ण पुसून, अगदी मैद्यासारखे दळले. पाण्यात टाकले की पाणी दुधासारखं होतं आणि तळाशी गाळ बसत नाही; तेवढं बारीक झालं की ते नीट. चेहऱ्याची आग होत होती तेव्हा त्या पाण्यात मऊ फडकं भिजवून ठेवायचे. गार वाटायचं, खाज थांबायची. एकदा केलेलं पाणी मी उरलं तरी ठेवलं नाही. घरच्या लेपात टिकवणारं काही नसतं, फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवलेल्या डबीत काय वाढतं ते डोळ्यांना दिसत नाही. त्या पार्लरमध्ये लेपाची डबी दोन दिवस वापरतात, हे मी निघताना ऐकलं होतं.

पाचव्या दिवशी मी पार्लरमध्ये गेले. भांडायला नाही, दाखवायला. मालकीण आधी म्हणाली, ‘आतली घाण बाहेर पडतेय, दोन बैठकांत जाईल.’ मी चिठ्ठी पुढं केली. तिनं ती वाचली, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘काकू, मी कोर्समध्ये हेच शिकले.’ ती खोटं बोलत नव्हती. तिनं साडेसातशे रुपये परत दिले, आणि वर एक फुकट फेशियल देऊ केलं, ते मी घेतलं नाही. पण मधाच्या बाटलीवर अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयचा परवाना क्रमांक दाखवून ‘हे बघा, सरकारी आहे’ असं ती म्हणाली, तेव्हा मला सांगावं लागलं की तो आकडा माझ्याही पिशव्यांवर असतो, आणि तो खाण्यासाठी दिलेला असतो. पोटात गेलेल्या वस्तूची चौकशी वेगळी, चेहऱ्यावर वीस मिनिटं राहणाऱ्या वस्तूची वेगळी. सौंदर्यप्रसाधनांचा कायदा वेगळा, नियम वेगळे. वाटीत कालवलेला लेप दोन्हीत बसत नाही. ‘केमिकल नाही’ हेही मला पटेनासं झालंय. लिंबातलं आम्ल केमिकलच, दालचिनीतलं सिनॅमल केमिकलच. फरक एवढाच की बाटलीवर किती ते लिहिलेलं असतं, आणि वाटीत किती ते मुलीच्या चिमटीवर ठरतं.

डॉक्टरांनी मला पाच दिवसांचं मलम दिलं आणि बजावलं की सहाव्या दिवशी ते लावायचं नाही, दुकानातून परस्पर पुन्हा आणायचं नाही. बाकी साधा साबणविरहित फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर आणि एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, उन्हात असेन तेव्हा दर दोन तासांनी. आणि स्कार्फ. डागावर काहीही घासायचं नाही, हे तीनदा सांगितलं. सगळं मिळून तपासणी, पॅच टेस्ट, औषधं यांचा खर्च साडेसातशेच्या कितीतरी पट झाला.

साखरपुड्याला मी उजवी बाजू पुढं करून फोटो काढले. लेकीनं काहीच केलं नाही: रात्रीची झोप, सनस्क्रीन, केसांचं तेल कपाळापासून लांब. ती सुंदर दिसत होती.

त्या पार्लरला किंवा तसल्याच दुसऱ्या कुठल्याही पार्लरला जाणार असाल तर हे विचारा. स्क्रबमध्ये लिंबू आणि सोडा आहे का. असला तर तो टप्पा वगळायला सांगा, आमच्यासमोर वगळतात, मी नंतर एका शेजारणीबरोबर जाऊन बघितलंय. लेपात दालचिनी, लवंग, कुठलंही सुगंधी तेल आहे का. लेप आज कालवला की काल. आणि लेपात जे घालणार त्यातले कोरडे जिन्नस थोडे घरी आणून, दर वेळी ताजे कालवून, कोपराच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावून बघा. एका रात्रीत बघून भागत नाही. माझी पाठ शुक्रवारी खरी बोलली. झोंबलं की थांबवा. झोंबणं म्हणजे काम करणं नाही, हे मला आता पक्कं ठाऊक आहे.

कार्य जवळ असेल तर निदान महिनाभर आधी नवीन काहीही करू नका. कातडीचा वरचा थर बदलायलाच साधारण चार आठवडे लागतात.

आमच्या गिरणीत महिन्यातून चार-पाच जणी तरी ‘चेहऱ्यासाठी एकदम बारीक’ म्हणून मसूर किंवा तांदूळ आणतात. आधी मी हसून दळून द्यायचे, दोनदा फिरवून. आता दळण्याआधी सांगते की याच खोलीत मिरची कांडते, हे पीठ खायला पक्कं, चेहऱ्याची खात्री मी देत नाही. दोघीतिघी परत गेल्या. एकीनं मसूर आणला होता, त्याचं पीठ करून धिरड्यांना नेलं.

माझं गुणांकन: जागा आणि स्वच्छता ५ पैकी ५. मुलींचं वागणं ५ पैकी ५. मान-खांद्याचं मालीश ५ पैकी ५. ‘किचन फेशियल’ ५ पैकी १, तोही कच्च्या दुधाच्या बोळ्यासाठी. पैसे परत दिले याबद्दल मालकिणीला मानते. भुवया आणि केस कापायला मी तिथंच जाईन.

आज सहावा महिना आहे. गालावरचा पट्टा गेला, कानाजवळची लाली कधीच गेली. गळ्यावरचा तो शेवटचा ठिपका अजून आहे, मसुराच्या दाण्याएवढा.